बेत फसतो, बोलणी फिसकटतात, अनारसा हसतो

एखादी गोष्ट बिघडली हे सांगायला मराठीला एक क्रियापद पुरत नाही. दूध नासतं, भात करपतो, घडी विस्कटते, बोलणी फिसकटतात, संधी हुकते, वाद चिघळतो. आता हीच क्रियापदं आपापसांत बदलून पाहा: दूध फिसकटलं, वाद करपला, संधी नासली. व्याकरणात काही चूक नाही, अर्थाचा अंदाजही येतो, पण असं कुणी बोलत नाही. कोणतं नाम कोणत्या क्रियापदाबरोबर नांदतं हे भाषेत आधीच ठरलेलं असतं. घरात मराठी ऐकत वाढलेल्या माणसाला ते न शिकवता येतं. अनुवाद करताना, घाईत बातमी लिहिताना किंवा परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवताना मात्र नेमकं इथेच अडायला होतं. कोशात ‘बिघडणे’ या शब्दाचा अर्थ सापडतो, पण तो शब्द कुणाबरोबर चालतो आणि कुणाबरोबर चालत नाही हे बहुतेक वेळा सापडत नाही.

या जोड्या नुसत्या पाठ कराव्या लागतात असं वाटतं, पण त्यांच्यामागे बरीच शिस्त आहे. एक युक्ती बहुतेक ठिकाणी कामी येते. काय बिघडलं हे सांगायचं असेल, तर ती गोष्ट नीट झाली असती तेव्हा आपण काय म्हणालो असतो ते आधी आठवायचं. घडी बसते, म्हणून ती विस्कटते. लग्न जुळतं, म्हणून ते मोडतं. नेम लागतो, म्हणून तो चुकतो किंवा हुकतो. हिशेब जुळतो किंवा चुकतो. नाटक चालतं, नाहीतर पडतं. मैफल रंगते, मग कुणी मध्येच भांडण काढलं की रंगाचा बेरंग होतो. मुलाखत चांगली जाते, म्हणून वाईटही ‘जाते’. ‘त्याने मुलाखत खराब केली’ हे वाक्य वाचलं की ते दुसऱ्या भाषेतून उचललंय हे लगेच कळतं. परीक्षेचा पेपरही तसाच सोपा जातो, अवघड जातो, वाईट जातो, वेळ पुरला नाही तर दहा मार्कांचा राहतो. पेपर ‘फुटला’ म्हटलं की प्रकरण वेगळंच होतं: प्रश्नपत्रिका परीक्षेआधीच बाहेर गेली आणि चौकशी लागली.

सगळ्यांत मोठा संसार अर्थात ‘बिघडणे’चा. यंत्र, तब्येत, पोट, हवा, चव, मूड, संबंध, वातावरण, आर्थिक गणित, वयात आलेला मुलगा, हे सगळं बिघडतं. या यादीत एक समान धागा आहे. या गोष्टींची एक नेहमीची, सुरळीत अवस्था असते आणि बिघडल्यावर त्या तिथे परत येऊ शकतात. यंत्र दुरुस्त होतं, तब्येत सुधारते, मुलगाही सुधारतो. नासलेलं दूध किंवा करपलेला भात परत येत नाही, म्हणून तिथे वेगळं क्रियापद लागतं. मुंबईच्या लोकलची बातमी पाहिली तर हा फरक स्वच्छ दिसतो. सिग्नल यंत्रणेत ‘बिघाड’ होतो आणि त्यामुळे वेळापत्रक ‘कोलमडतं’. वेळापत्रक बिघडलं असंही चालून जाईल, पण सिग्नल यंत्रणा कोलमडली म्हटलं तर खांब आडवा झाला की काय अशी शंका येईल. कोलमडायला आधी काहीतरी उभं, एकावर एक रचलेलं असावं लागतं: वेळापत्रक, अर्थव्यवस्था, घरखर्चाचं बजेट, वाहतूक.

‘फसणे’ला हेतू लागतो. आधी कुणीतरी काही योजलेलं असलं पाहिजे. म्हणून बेत फसतो, डाव फसतो, प्रयोग, योजना, विनोद आणि नवा पदार्थ फसतो. पाऊस फसत नाही, पावसाचा अंदाज फसतो. फ्रीज फसत नाही, फ्रीज बिघडतो किंवा बंद पडतो. माणूस फसला तर अर्थ बदलतो, त्याला कुणीतरी गंडवलेलं असतं. गाडी चिखलात फसली तर ती रुतलेली असते.

कुठल्या टप्प्यावर बिनसलं

पुष्कळदा क्रियापद नुकसान किती झालं हे सांगतच नाही, ते कधी झालं हे सांगतं. लग्नाचंच पाहू. पत्रिका जमली नाही, म्हणजे गोष्ट सुरूच झाली नाही. मानपानावरून बोलणी फिसकटली, म्हणजे दोन्ही घरची माणसं समोरासमोर बसली होती, पण ठरायच्या आधीच उठली. साखरपुडा होऊन गेला आणि मग बिनसलं तर लग्न मोडलं. मांडवात तमाशा झाला तर कार्याचा विचका झाला. लग्न होऊन चार वर्षांनी काही झालं तर संसाराची घडी विस्कटली, आणि शेवटी वेगळे झाले तर संसार मोडला. ‘फिसकटलं’ आणि ‘मोडलं’ यांतला फरक ऐकणाऱ्याला पुढचे दोन प्रश्न विचारण्याची गरज ठेवत नाही. साखरपुड्याआधीच्या गोष्टीला ‘लग्न मोडलं’ म्हणणं हे वधूवरांवर अन्यायच आहे.

‘फिसकटणे’ फक्त ठरवाठरवीपुरतं आहे: बोलणी, वाटाघाटी, चर्चा, सौदा, जागावाटप. तिथे दोन बाजू असाव्या लागतात. एकट्याने आखलेला सहलीचा बेत फिसकटला असं कुणी क्वचित म्हणेल, पण तिथे फसला, बारगळला किंवा नुसतं ‘रद्द झाला’ जास्त बरं.

‘बारगळणे’ हा शब्द मराठीने फार नेमका घडवला आहे. प्रस्ताव बारगळतो, दौरा बारगळतो, कायद्याचा मसुदा बारगळतो. कुणी नकार दिलेला नसतो, कुणी मोडता घातलेला नसतो, गोष्ट आपोआप मागे पडत पडत विसरली जाते. म्हणूनच नकार मिळालेल्या प्रस्तावाला ‘बारगळला’ म्हणू नये, तो ‘फेटाळला’ गेला. सुरू होऊन मध्येच थांबलं असेल तर ते ‘रखडलं’: पुलाचं काम, निकाल, बढती, पेन्शन. रखडलेलं पुन्हा मार्गी लागू शकतं, बारगळलेल्याला नव्याने सुरुवात करावी लागते. आणि जे वेळीच मिटवलं नाही म्हणून वाढत गेलं ते ‘चिघळलं’. हे क्रियापद जखमेवरून आलं आहे आणि अजूनही जखमेसारख्याच गोष्टींना लागतं: वाद, संप, सीमाप्रश्न, आंदोलन. चिघळायला दुर्लक्ष लागतं. पहिल्याच दिवशी दंगल झाली तर प्रकरण चिघळलं म्हणता येत नाही, ते पेटलं किंवा भडकलं.

स्वयंपाकघराइतकी बारीक विभागणी दुसरीकडे नाही

दिवाळीच्या फराळात प्रत्येक चुकीला स्वतःचं क्रियापद आहे आणि ते ऐकून अनुभवी बाई चूक कुठे झाली ते उठून न बघताच सांगते. अनारसा ‘हसतो’. तुपात सोडल्याबरोबर तो पसरतो, कडा तुटतात आणि त्याचे कण तुपभर होतात, याला हसणं म्हणतात. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, मग निथळून सावलीत पसरायचे आणि ओलसर असतानाच दळायचे. वाटीभर पिठीला पाऊण ते एक वाटी किसलेला गूळ, चमचाभर तूप, आणि तो गोळा चार-पाच दिवस मुरवायचा. गूळ जास्त झाला, गोळा सैल राहिला किंवा तूप नीट तापलं नाही की अनारसे हसतात. उपाय म्हणजे तशीच ओलसर दळलेली थोडी पिठी मिसळून गोळा पुन्हा काही वेळ झाकून ठेवणे आणि एकच अनारसा तळून बघणे. उलट तांदूळ फार वाळले किंवा गोळा मुरला नाही तर अनारसा हसत नाही, त्याला ‘जाळी पडत नाही’ आणि तो कडक होतो. म्हणजे ‘अनारसे बिघडले’ एवढं सांगून काहीच कळत नाही. हसले की जाळी पडली नाही, यावर उपाय ठरतो, कारण दोन्ही चुका एकमेकींच्या उलट्या आहेत.

चकलीचंही तसंच. मोहन, म्हणजे पीठ भिजवताना घातलेलं गरम तेल, जास्त झालं तर ती तेलात हसते किंवा विरघळते, कमी पडलं तर कडक होते. तेल पुरतं तापलं नसेल तर ती ‘तेल पिते’. पीठ घट्ट असेल तर सोऱ्यातून पडताना तिचे तुकडे पडतात. करंजी कडेला नीट दाबली नाही तर फुटते आणि सारण तेलात उतरून पुढचा सगळा घाणा काळा करते. रव्याच्या लाडवांचा पाक ‘कच्चा राहतो’ किंवा ‘पुढे जातो’. कच्च्या पाकाचे लाडू वळले तरी ताटात बसतात, म्हणजे खालून चपटे होतात. पाक पुढे गेला तर मिश्रण हाताखाली भुगा होतं.

दुधाच्या बाबतीत हेतूही क्रियापदातच दिसतो. चुकून झालं तर दूध नासतं, पनीरसाठी मुद्दाम लिंबू पिळलं तर दूध ‘फाडतात’. दोन्ही वेळा पातेल्यात तेच घडतं. ताकाची कढी जास्त उकळली की फुटते, सोलकढी विस्तवावर ठेवली की फुटते. इडलीचं पीठ आंबावं लागतं, आमटी मात्र आंबली की टाकून द्यावी लागते. म्हणजे ‘आंबणे’ आपण होऊन वाईट नाही, कशाबरोबर आलंय त्यावर त्याचा भला-वाईटपणा ठरतो. अनुवाद करणारे इथे हमखास चुकतात: सगळीकडे ‘खराब झालं’ लिहून मोकळे होतात आणि आईने मुलीला दिलेली अर्धी माहिती गळून जाते.

दुधाला लावायचं विरजण वाक्प्रचार होऊन घराबाहेरही आलं आहे. उत्साहावर विरजण पडतं, आनंदावर विरजण पडतं. कष्टावर, पैशावर किंवा योजनेवर विरजण पडत नाही, कष्टांवर पाणी फिरतं. विरजण नेहमी मनाच्या अवस्थेवर, पाणी केलेल्या कामावर. केलेल्या कामाच्याच बाबतीत ‘बोळा फिरवणे’ही आहे, पाटी पुसण्याचा बोळा. तिथे फिरवणारा कोण हे सहसा सांगितलेलं असतं.

बोजवारा उडतो, बोऱ्या वाजतो, विचका होतो

आता दुसरी तऱ्हा. यात बिघडण्याचं ओझं क्रियापद उचलत नाही, एक नाम उचलतं, आणि बिघडलेली गोष्ट ‘चा-ची-चे’ लावून आधी येते: नियोजनाचा बोजवारा, विजेचा खेळखंडोबा, बेताचा विचका. इथे दोन जोड्या एकदम सांभाळाव्या लागतात, मागे कोणतं नाम आणि पुढे कोणतं क्रियापद.

पुढच्या क्रियापदाचं गणित साधारण असं आहे. बोजवारा आणि फज्जा ‘उडतो’. धांदल, तारांबळ आणि त्रेधाही उडते, पण ती माणसांची. बोऱ्या, बारा आणि तीनतेरा ‘वाजतात’. विचका, बट्ट्याबोळ, खेळखंडोबा, वाटोळं, मातेरं, चुथडा ‘होतात’ किंवा कुणीतरी ते ‘करतं’. घोळ ‘घालतात’, नंतर तो ‘निस्तरावा’ लागतो. वाट ‘लागते’ किंवा ‘लावतात’. धिंडवडे आणि वाभाडे ‘निघतात’ किंवा ‘काढतात’. बोजवारा वाजला, विचका उडाला, वाटोळं लागलं असं लिहिलं की वाचणारा थबकतो. वचनाकडेही लक्ष हवं: तीनतेरा, धिंडवडे, वाभाडे नेहमी अनेकवचनी. ‘नियमांचा तीनतेरा वाजला’ चूक, ‘नियमांचे तीनतेरा वाजले’ बरोबर.

मागच्या नामाची निवड जास्त रंजक आहे. बोजवारा व्यवस्थेचा उडतो: वाहतूक, नियोजन, स्वच्छता, आरोग्यसेवा, जिथे पुष्कळ माणसांनी मिळून काही चालवायचं असतं. फज्जा शिस्तीचा उडतो. २०२० साली मराठी वर्तमानपत्रांत ‘सोशल डिस्टन्सिंगचा फज्जा’ हा मथळा इतक्या वेळा आला की ती नवी जोडीही लोकांच्या तोंडी बसली. परक्या भाषेतली संकल्पना दारात आल्या आल्या मराठीने तिच्यासाठी स्वतःचा शब्द निवडला आणि तो अचूक निवडला. खेळखंडोबा वारंवार होतो, एकदाच होत नाही. वीज दिवसातून सहा वेळा जाते-येते तेव्हा विजेचा खेळखंडोबा. एकदाच गेली आणि दोन दिवस आली नाही तर खेळखंडोबा म्हणत नाहीत, वीजपुरवठा खंडित झाला. विचका एखाद्या प्रसंगाचा होतो: लग्न, समारंभ, सहल. वाटोळं माणसाचं किंवा घराचं होतं, त्यात शापाची धार असते आणि म्हणून ते सरकारी अहवालात शोभत नाही.

‘मातेरं’ मूळचं खळ्यावरचं. मळणीनंतर खाली उरलेलं, माती मिसळलेलं धान्य म्हणजे मातेरं. धान्य तिथेच असतं, पण निवडून वापरण्याजोगं राहत नाही. म्हणून आयुष्याचं मातेरं, कष्टांचं मातेरं, उभ्या पिकाचं मातेरं हे शब्द जमतात, कारण तिथे आधी काहीतरी मोलाचं, पिकून हाताशी आलेलं होतं. न लिहिलेल्या अर्जाचं मातेरं होत नाही.

धिंडवडे आणि वाभाडे यांची गल्लत फार होते. धिंडवडे अब्रूचे निघतात: माणुसकीचे, लोकशाहीचे, कायद्याचे. तिथे प्रत्यक्ष कृती घडलेली असते. वाभाडे बोलून किंवा लिहून काढले जातात. विरोधी पक्षाने सरकारच्या धोरणाचे वाभाडे काढले, हे बरोबर. दंगलखोरांनी कायद्याचे वाभाडे काढले, हे नाही. त्यांनी धिंडवडे काढले.

कुणी केलं हे कुठे दिसतं

या सगळ्यात खरी गोम आहे ती कर्त्याची. ‘उडणे’, ‘वाजणे’, ‘होणे’ या क्रियापदांत करणारा माणूस दिसत नाही. ‘नियोजनाचा बोजवारा उडाला’ या वाक्यात दोष कुणाचाच नाही. ‘प्रशासनाने नियोजनाचा बोजवारा उडवला’ म्हटलं की उत्तर द्यायला कुणीतरी उभं राहतं. क्रिकेटच्या धावत्या वर्णनातही हे ऐकू येतं: झेल ‘सुटला’ आणि झेल ‘सोडला’. चेंडू अवघड होता की क्षेत्ररक्षक गाफील होता याचा निवाडा त्या एका क्रियापदात होतो. बातमी लिहिणाऱ्याला जबाबदार कोण हे पक्कं माहीत असेल तर त्याने सकर्मक रूपच वापरावं. माहीत नसेल तर अकर्मक रूप हे प्रामाणिक रूप आहे. पण माहीत असूनही ‘बोजवारा उडाला’ लिहिणं म्हणजे वाचकाची अडवणूक आहे.

इथे एक अडचण मात्र आहे. काही क्रियापदांचं ‘वणे’ रूप भलत्याच अर्थाला जातं. बेत फसला, पण ‘त्याने बेत फसवला’ म्हणता येत नाही, कारण फसवतात ते माणसाला. नेम चुकला, पण ‘चुकवणे’ म्हणजे मुद्दाम टाळणं: कर चुकवणे, नजर चुकवणे, घाव चुकवणे. ‘बारगळवणे’ असं रूप वापरात नाही. म्हणून डाव दुसऱ्याने मोडला असेल तर ‘उधळून लावणे’ किंवा ‘हाणून पाडणे’ घ्यावं लागतं, आणि त्यात करणाऱ्याचं कौतुक असतं: पोलिसांनी कट उधळून लावला. स्वतःच्या ढिलाईने बिघडलं असेल तर ‘घोळ घातला’, ‘काम बिघडवलं’, ‘माती खाल्ली’. माती खाणे हे फक्त करणाऱ्याबद्दल बोलतं, कामाचं नाव आलंच तर ‘त्यात’ किंवा ‘तिथे’ म्हणून येतं: शेवटच्या षटकात माती खाल्ली. मोडणे आणि विस्कटणे मात्र दोन्हीकडून चालतात: रांगोळी विस्कटली, मुलांनी रांगोळी विस्कटली.

या दोन टोकांच्या मधली एक वाट मराठीत आहे, ‘हातून’ची. ‘मी बरणी फोडली’, ‘बरणी फुटली’ आणि ‘माझ्या हातून बरणी फुटली’. तिसऱ्या वाक्यात जबाबदारी घेतलेली आहे आणि हेतू नाकारलेला आहे, दोन्ही एका दमात. माफीच्या पत्रात ‘आमच्याकडून चूक झाली’ हे ‘चूक झाली’पेक्षा नेहमी चांगलं, कारण दुसऱ्यात चूक जणू आभाळातून पडते.

आणि ‘चूक’ या शब्दाचा स्वतःचाही गोतावळा आहे. चूक होते, घडते, भोवते, महागात पडते, उमगते. दुसऱ्याची चूक आपण पोटात घालतो तेव्हा माफ करतो, ती त्याच्या पदरात घालतो तेव्हा त्याला कबूल करायला लावतो. पोट आणि पदर यांत अदलाबदल झाली की क्षमेचा ठपका होतो. ‘पदरात घ्यावी’ ही पुन्हा क्षमेची विनंती, पत्राच्या शेवटी येणारी, आणि बिलांच्या तळाशी छापलेलं ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ हे तिचं व्यापारी भावंड. कोणत्या शब्दामागे कोणतं क्रियापद याबद्दल शंका आली तर दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश उघडावा. त्याचे दोन खंड १९४२ आणि १९४७ साली निघाले. तो शब्द एकटा देत नाही, वाक्प्रचारासकट देतो. ‘सोशल डिस्टन्सिंगचा फज्जा’सारख्या अलीकडच्या जोड्या अर्थातच त्यात नसणार. त्यांच्यासाठी दोन-तीन वर्तमानपत्रांच्या जुन्या मथळ्यांत ती जोडी अवतरणचिन्हांत टाकून शोधावी आणि मिळालेली वाक्यं मोठ्याने वाचून बघावीत.